नांगराची निशाणी

जुन्या मोडी महजरांच्या, म्हणजे वतनाच्या निवाड्याच्या कागदांच्या, शेवटी गावातल्या हक्कदारांच्या निशाण्या असतात. पाटलाच्या नावाशी नांगर, न्हाव्याच्या नावाशी आरसा, सुताराच्या नावाशी त्याचे हत्यार. सही येत नव्हती म्हणून चित्र काढले, एवढे सांगून हा विषय संपत नाही. निशाणी माणसाची नसे, वतनाची असे. बाप गेला की मुलगा तीच निशाणी काढी. ठरलेली, वंशपरंपरेने चालणारी, हक्काशी बांधलेली खूण, अशी व्याख्या केली तर युरोपातल्या सरदारांच्या ढालीवरची कुलचिन्हे आणि आपल्या पाटलाचा नांगर एकाच रांगेत बसतात. तिकडचे चिन्ह ढालीवर आणि निशाणावर मिरवले, इकडचे कागदाच्या तळाशी गप्प बसून राहिले. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पट्ट्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या आसपास कोठेही गेले तरी पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावे भेटतात. ती अशाच कागदांमागून आलेली आहेत. त्या कागदांनी त्या घरांना हक्क दिले, मान दिला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा. सनदेने, निशाणीने, राजाच्या शिक्क्याने घराणे थोर होते का? की ते आधीच थोर असते आणि सनद त्याची फक्त नोंद घेते? की या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही?

हा वाद जिथे कायद्याच्या भाषेत सर्वांत स्पष्ट मांडला गेला तो देश म्हणजे स्कॉटलंड. तिथे 'लॉर्ड लायन' नावाचा अधिकारी कुलचिन्हांच्या सनदा देतो. त्याचे एडिंबरामध्ये न्यायालय आहे, १६७२ च्या कायद्याने सुरू झालेले नोंदणीपुस्तक आजही चालू आहे, आणि दुसऱ्याचे चिन्ह कोणी लावले तर त्या न्यायालयात खटला भरता येतो. धाकट्या मुलालाही बापाचे चिन्ह जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यात काही बदल करून नव्याने नोंद करावी लागते. सद्गुणी आणि पात्र माणसाला अशी सनद द्यावी, एवढेच तो कायदा म्हणतो. परंतु १९४५ ते १९६९ या काळात लॉर्ड लायन असलेल्या सर थॉमस इनेस ऑफ लर्नी यांचा आग्रह होता की ही सनद म्हणजे कुलीनपणाचे प्रमाणपत्रच होय. विसाव्या शतकातल्या अनेक सनदांत तसा मजकूरही असे: या चिन्हाच्या बळावर या माणसाला आणि त्याच्या वारसांना सर्व मानाच्या जागी कुलीनांमध्ये गणावे. टीकाकार म्हणत की उमरावपदाची सनद वेगळी, चिन्हाची वेगळी, आणि लायनने लिहिलेल्या एका वाक्याने कोणी उमराव होत नाही. अलीकडच्या सनदांतून ते वाक्य गळाले. म्हणजे एका ओळीच्या जोरावर काही माणसे कुलीन ठरत होती, आणि ती ओळ लिहिणे थांबताच पुढची माणसे ठरेनाशी झाली. एवढ्यानेच इनेस यांची भूमिका डळमळते असे मला वाटते. पण ती खोडून काढायला एवढे पुरेसे नाही, कारण तिच्यामागे एक गंभीर सिद्धांत आहे: राजा हा मानाचा उगम आहे, म्हणून राजा ज्याला कुलीन म्हणेल तो कुलीन.

आपल्याकडची सनद उलगडून पाहिली की हा सिद्धांत किती पुढे जाऊ शकतो ते कळते. पाटीलकीच्या कागदात काय असते? इनाम जमीन किती, कोणाकडून काय हक्क घ्यायचा, आणि मानपान. पोळ्याला कोणाचा बैल वेशीतून आधी जायचा, होळीचा मान कोणाचा, टिळा-विडा आधी कोणाला, शिरपाव कोणाला. गावगाड्यातली प्रत्येक जागा हक्क म्हणून मांडलेली असते. याच कागदांत दुसरी एक गोष्ट दिसते. पाटीलकी विकली जाई. भावाभावांत वाटली जाई. कर्ज झाले, सारा थकला, तर निम्मी पाटीलकी दुसऱ्याच्या नावे करून देत, आणि मग मानपानाचीही वाटणी होई: एकाचा विडा आधी, तर दुसऱ्याचा पोळा आधी. ही वाटणी हास्यास्पद नव्हती. ती चोख व्यवहारबुद्धीची होती. पण जी वस्तू निम्मी विकता येते, आणि विकल्यानंतर विकणारा अर्धा व घेणारा अर्धा मानकरी होतो, तिला घराण्याची थोरवी म्हणता येत नाही. तो हक्क आहे, मालमत्ता आहे. राज्यकर्त्यांनाही हे ठाऊक होते. १७१५ च्या सुमाराच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीच्या ग्रंथात वतनदारांकडे राजाने ज्या नजरेने पाहावे असे सांगितले आहे ती आदराची नजर नाही, सावधगिरीची आहे. त्या ग्रंथाच्या लेखी वतनदार म्हणजे छोटे स्वतंत्र राजेच. त्यांना लाडावून चालत नाही, दुखवूनही चालत नाही. राजाराम महाराजांच्या काळात तर अजून जिंकायच्या मुलखातल्या वतनांच्या आणि सरंजामांच्या सनदा दिल्या गेल्या, आणि मोगलही त्याच माणसांना आपल्याकडे ओढायला कागद करून देत होते. एकाच वतनावर दोन भांडणारे आणि दोघांच्या हातात दोन सरकारांचे कागद, ही त्या काळातली ओळखीची स्थिती होती. राजा हाच मानाचा उगम असेल तर अशा वेळी कुलीन कोण? दोघेही, की जो जिंकेल तो?

तंटा मिटवायला लोक जिथे जात ती जागा महत्त्वाची आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. गोतात गावचे आणि परगण्याचे हक्कदार बसत. पाटील, बलुतेदार, कधी शेजारगावचेही. बेल-भंडार हाती देऊन, देवळात नाहीतर नदीकाठी साक्षी घेत. त्यातून निवाडा झाला की महजर होई, आणि खोटे बोलणाऱ्याला कोणते पाप लागेल हे हिंदूसाठी वेगळे, मुसलमानासाठी वेगळे लिहिलेले असे. एवढ्यानेही भागले नाही तर दिव्य: तापल्या तेलातून वा तुपातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून ठेवायचा, आणि काही दिवसांनी हात पाहून निकाल द्यायचा. ही रीत क्रूर होती यात शंका नाही. पण तिच्यामागचा विचार पाहा. राजाची सनद हातात असतानाही लोक शेवटचे उत्तर देवाकडे मागत होते. सनदेवर वतन उभे आहे असे ते मानत नव्हते. वतन आधीपासून कोणाचे तरी आहे, खरे कोणाचे हे देवाला ठाऊक आहे, आणि सनद ते बरोबर सांगते की नाही हे तपासता येते, असे मानत होते. इनेस यांच्या सिद्धांतावर गोतसभेचे उत्तर हेच झाले असते: राजा नोंद करतो, घडवत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे तर हक्कापुरते झाले. वतनाबरोबर प्रतिष्ठाही येत होती. पाटलाच्या घराशी सोयरीक करायला लोक धडपडत होते, मग सनदेने थोरवी दिली नाही असे कसे म्हणता? या आक्षेपाला माझ्या मते एकच निर्णायक उत्तर आहे, आणि ते त्याच गावात, वेशीच्या पलीकडे होते. महारकी हेही वतन होते. वंशपरंपरेने चालणारे, राज्याने मान्य केलेले, हक्कांची यादी असलेले. महारांचे बावन्न हक्क बीदरच्या बादशहाने दिले अशी परंपरा महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती इतिहास म्हणून तपासायची गोष्ट आहे, पण तिच्यात सनद हवी हा आग्रह स्पष्ट आहे. गावाच्या सीमेचा तंटा झाला तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई. म्हणजे कागदाच्या बाजूने पाटीलकीत जे होते ते सगळे इथेही होते. मग याच कागदाने एका घराला मानाचा विडा दिला आणि दुसऱ्या घराला वेशीबाहेर का ठेवले? सनद थोरवी देणारी असती तर तिने दोघांनाही दिली असती. जे घडले ते असे की गावाने आधीच ठरवलेल्या पायऱ्या सनदेने कागदावर उतरवल्या. वरच्या पायरीवरच्याला ती मुकुट वाटली, खालच्या पायरीवरच्याला बेडी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते हेच ओळखून. वतनाची जमीन थोडी, त्यासाठी राबणूक चोवीस तासांची आणि सगळ्या घराची, आणि या जमिनीच्या मोहाने माणूस गावाला बांधलेला. हे त्यांचे गाऱ्हाणे होते. वतनदार असणे म्हणजे थोर असणे, असे मानणाऱ्याने महारवतनाचे काय करायचे ते आधी सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो राजाच्या लेखणीचा आधार घेत नाही, धर्मविधीचा घेतो. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्याआधी मे महिन्याच्या अखेरीस मुंज झाली, काशीच्या गागाभट्टांनी विधी सांगितला, आणि भोसल्यांचे मूळ उदेपूरच्या सिसोदियांत असल्याचे दाखवले गेले. वेरूळची पाटीलकी ज्या घराण्याकडे होती त्यातला पुरुष छत्रपती झाला. मग विधीने काहीच घडवले नाही असे म्हणायचे का? तसे मी म्हणणार नाही. त्या विधीने राजपद घडवले. त्याआधीचे गड, आरमार, फौज ही सत्ता होती. अभिषेकानंतर ते राज्य झाले, शक सुरू झाला, आणि इतर दरबारांना तहात ते मान्य करावे लागले. पद हे दिल्यानेच मिळते, त्यात काही कमीपणा नाही. पण क्षत्रियत्वाच्या बाबतीत विधी काय म्हणत होता? तो म्हणत होता की हे कुळ मुळातच क्षत्रिय आहे, संस्कार तेवढे लोपले होते, ते पुन्हा करत आहोत. विधी करणाऱ्यांनीच कबूल केले की विधी कुळ बनवत नाही. वंशावळ शोधावी लागली ती म्हणूनच. जो विधी देऊ शकतो त्याला पुरावा लागत नाही. पुरावा त्याला लागतो जो फक्त साक्ष देतो. आणि खरी गोष्ट ही की शिवाजी महाराजांच्या थोरवीचा कोणताही भाग त्या वंशावळीवर उभा नाही. उद्या तिच्यातली एखादी कडी इतिहासकारांनी नामंजूर केली तरी रायगडाचा एक चिराही हलत नाही.

कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी त्याचा दुसरा चेहरा दिसला. १८९९ च्या सुमारास शाहू महाराजांसाठी पंचगंगेवर वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत हे उघड झाले, वेदोक्ताचा अधिकार नाकारला गेला, आणि राजपुरोहित राजोपाध्यांचे वतन १९०२ मध्ये जप्त झाले. महाराज क्षत्रिय असल्याचा दावा करत होते. पुरोहित तो दावा तपासण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असे म्हणत होते. दोघेही मान्य करत होते की कुळाची पायरी असते, वाद फक्त ती कोण मोजणार याचा होता. पण शाहू महाराज तिथे थांबले नाहीत. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने आणि महारवतनेही रद्द केली. जो माणूस स्वतःच्या कुळासाठी वेदोक्त मागत होता त्यानेच सनदेची व्यवस्था मोडायला सुरुवात केली, हा विरोधाभास वाटतो; मला तो वाढता समज वाटतो. आणि त्यांच्या नावापुढे आज जे 'राजर्षी' लागते ते कोणत्या सरकारने दिले नाही, कोणत्या पीठानेही नाही. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाच्या परिषदेत ते दिले गेले. जोतीराव फुल्यांना 'महात्मा' हे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी दिले. त्याच काळात सरकारने वाटलेल्या रावबहादुरक्या आज किती जणांना तोंडपाठ आहेत, हे वाचकाने स्वतःला विचारावे.

चिन्हांचा बाजार किती उथळ होऊ शकतो हे पाहायचे तर १ जानेवारी १८७७ चा दिल्लीचा दरबार पाहावा. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायचे होते, आणि लॉर्ड लिटनने ठरवले की संस्थानिकांना युरोपी थाटाची कुलचिन्हे असलेली निशाणे द्यायची. बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या हौशी गृहस्थाने सुमारे ९० संस्थानांसाठी ती रचली. काही घराण्यांच्या मुळाच्या कथा ऐकून, काही अंदाजाने. रेशमी कापड, पितळी दांडे. वजन एवढे की नेणाऱ्यांना पेलवेनात. मराठी राजघराण्यांनाही अशी निशाणे मिळाली. त्या दरबारात बडोद्याचा एक चौदा वर्षांच्या आतला मुलगा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ दोन वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याला याच दरबारात 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया' असा लांबलचक किताब मिळाला. त्याची थोरवी त्या निशाणात होती? १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला साऱ्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती: सयाजीराव आठवतात ते यामुळे. उलट बाजूनेही पाहता येते. महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक'ची पदवी आणली आणि १७९२ मध्ये पुण्यात मोठ्या थाटाने तो सोहळा केला. पुण्याच्या मुत्सद्द्यांना ती पदवी छत्रपतींच्या मानाला बाध आणणारी वाटली. आणि हाच महादजी स्वतःला कण्हेरखेडचा पाटील म्हणवत राहिला. लोक त्याला 'पाटीलबावा' म्हणत. उत्तर हिंदुस्थानचा कारभार हातात असलेल्या माणसाला नांगराची निशाणी पुरेशी वाटत होती. त्यात थोडे राजकारण होते, पण थोडी समजही होती असे मला वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो आजचे समाजशास्त्र शिकलेला वाचक हमखास घेईल. तो म्हणेल: सनद नाही, विधी नाही, तर शेवटी समाज मानतो म्हणून कोणी थोर असतो. राजर्षी, महात्मा या पदव्याही समाजाने दिल्या. मग समाजाची मान्यता हीच थोरवी, आणि सनद ही त्या मान्यतेचे एक साधन. हे म्हणणे बरेचसे खरे आहे, म्हणूनच धोक्याचे आहे. कारण हाच समाज चोखामेळ्याला मंदिराबाहेर ठेवणारा होता. समाजाची मान्यता थोरवीचे माप असेल तर चोखोबा त्यांच्या हयातीत थोर नव्हते आणि नंतर झाले, असे म्हणावे लागेल; आणि तसे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो की ते थोर होतेच, समाजाला उशिरा कळले. या एका 'होतेच'मध्ये साऱ्या वादाचे उत्तर आहे. मान्यता थोरवीला ओळखते किंवा चुकते; ती तिला जन्म देत नाही.

मराठवाड्याने हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर कसा हाताळला हे पाहण्यासाठी वज्रसूचीकडे यावे लागते. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात या संस्कृत ग्रंथावर अभंग रचले. त्या ब्राह्मण घरातल्या, आणि त्यांचे गुरू कुणबी तुकोबा. हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आला नव्हता. वज्रसूचीची पद्धत साधी आणि धारदार आहे. ब्राह्मण कशाने होतो? जीवाने म्हणावे तर जीव सगळ्या देहांत सारखाच. देहाने म्हणावे तर देह पंचमहाभूतांचाच. जन्माने म्हणावे तर अनेक ऋषी भलत्याच ठिकाणी जन्मलेले. ज्ञानाने, कर्माने, दानधर्माने म्हणावे तर ते इतरांतही दिसते. एकेक करून सगळे दावेदार बाहेर काढले जातात आणि शेवटी उरते ते आत्म्याचा साक्षात्कार. ही पद्धत घेऊन कुलीनपणाकडे वळा. जमिनीने? ती विकली जाते. मानपानाने? तो वाटला जातो. शिक्क्याने? तो दुसऱ्या सरकारने बदलला. वंशाने? दत्तकाने वंश चालतो. निशाणीने? ती सुताराचीही होती, न्हाव्याचीही होती, आणि देवकाच्या रूपाने तर ती प्रत्येक घरात आहे. लग्नात पंचपल्लव पुजायला, कळंबाची डहाळी आणायला कोणाची सनद लागत नाही. हे सगळे वगळून जे उरते ते माणसाचे वर्तन, आणि ते त्याच्याबरोबर जाते. वज्रसूचीच्या शेवटच्या उत्तराशी कोणाचे मतभेद असू शकतील, पण तिची चाळणी लागू केल्यावर सनद वर राहत नाही, एवढे नक्की.

संतांनी वतनाची भाषा टाकून दिली नाही, तिला कामाला लावले, हे इथे सांगायला हवे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर किल्लेदार. दरबारी कागदांचा वास नाथांना परका नव्हता. त्यांनी अर्जदस्त, जाबचिठ्ठी अशा सरकारी कागदांच्या रूपात भारुडे लिहिली, आणि जोहार घालणारा महार बोलता केला. तिथे धनी देव आहे आणि सगळे जीव त्याचे चाकर. त्या कचेरीत पाटलाला आणि येसकराला एकच रांग. अंबाजोगाईचे दासोपंत हे नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातले. वडिलांकडचा सारा थकला म्हणून मुलाला बीदरच्या सुलतानाकडे ओलीस राहावे लागले, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. ती कथा देशपांडेपणाचे खरे रूप दाखवते: वतनदार हा राजाचा मानकरी तितकाच राजाचा जामीनही. दासोपंतांनी पुढे त्या वतनात आयुष्य घातले नाही. अंबाजोगाईला राहून कापडावर पासोडी लिहिली, आणि आज त्यांचे नाव त्या पासोडीमुळे आहे. तुकोबांच्या घरीही देहूची महाजनकी होती. कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. हक्काचा कागद पाण्यात टाकल्याने तुकोबा लहान झाले नाहीत.

आता कायद्याकडे. निजामाच्या राज्यात सालारजंगाच्या सुधारणांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी रचना, झाली आणि देशमुख-देशपांडे वसुलीतून बाजूला पडले. त्यांना रुसूम मिळत राहिले, म्हणजे काम गेले आणि मान पगारासारखा चालू राहिला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५४ च्या कायद्याने इनामे, १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे पद. संविधानाच्या १८ व्या कलमाने किताब रद्द केले, आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपली. १९९५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, म्हणून ते नावाआधी-नंतर लावायचे नाहीत असे सांगितले. राजा मानाचा उगम असेल तर इथे उगमच बंद झाला. तरी पाटलांच्या घरातली चांगली माणसे चांगलीच राहिली आणि वाईट वाईटच. हा प्रयोग एका पिढीच्या हयातीत साऱ्या मराठवाड्यावर झाला, आणि त्याचा निकाल आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आणि निकाल अजून पुढे सरकला आहे. एके काळी याच भागातली घराणी मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्यांत आपले नाव शोधत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ती निजामकालीन नोंदींत कुणबी शब्द शोधण्यासाठी. २ सप्टेंबर २०२५ ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो वेगळ्या मापांनी तोलायचा विषय आहे. पण आपल्या प्रश्नावर त्याचा प्रकाश पडतो. तेच घर, तेच शेत, तोच नांगर. एका काळात त्या घराने राजवंशाचा कागद मागितला आणि दुसऱ्या काळात शेतकरी असल्याचा. दोन्ही कागद व्यवहाराचे आहेत, दोन्हींचे मोल सरकार देत असलेल्या हक्कावर ठरते, आणि दोन्हींपैकी एकानेही त्या घरातले माणूस मोठे वा लहान होत नाही. कुणबी म्हणवण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी, तुकोबा स्वतःला काय म्हणवत होते ते आठवावे.

म्हणून एक विनंती. नांदूरघाटच्या आणि केज, अंबाजोगाई, पाटोद्याच्या ज्या घरांत माळ्यावर मोडी कागदांची दप्तरे असतील, त्यांनी ती वंशाचा पुरावा म्हणून चौकटीत बसवू नयेत आणि वाळवीलाही देऊ नयेत. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून ती वाचून घ्यावीत, त्यांच्या प्रती एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्याव्यात. महजराच्या तळाशी आपल्या पणजोबांचा नांगर पाहताना त्याच ओळीत न्हाव्याचा आरसाही पाहावा, आणि त्या गावातल्या न्हाव्याच्या घरालाही त्याची प्रत नेऊन द्यावी. तो कागद त्यांचाही आहे.